मोबाइलवरचा फुकट कोर्स धंदा बदलून देतो का? जालना जिल्ह्यातल्या घराघरातला हिशेब

जालना : सोयाबीनला २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव होता ४,८९२ रुपये क्विंटल. बाजारात मात्र बऱ्याच शेतकऱ्यांना त्याच्या खालीच माल द्यावा लागला. कापसाची वेचणी महाग, मोसंबीचा भाव कधी वर तर कधी खाली. अशा वेळी घरात एकच विषय निघतो. पोरानं आता दुसरं काहीतरी बघावं.

हे 'दुसरं काहीतरी' पूर्वी शहरात जाऊन शोधावं लागायचं. आता ते मोबाइलच्या पडद्यावर येऊन बसलं आहे. 'फुकट कोर्स करा, घरबसल्या शिका, करिअर बदला' अशी जाहिरात रोज दिसते. भोकरदन असो की घनसावंगी, मंठा असो की परतूर, बारावी झालेला, पदवी घेतलेला, पोलिस भरतीतून दोनदा परत आलेला पोरगा रात्री आखाड्यावर मोटार चालू करायला जातो आणि पाणी भरेपर्यंत असा एखादा कोर्स उघडून बसतो. घरच्यांना वाटतं, पोरगं शिकतंय. पोराला वाटतं, यातून काहीतरी निघेल.

खरंच निघतं का? याचं उत्तर सरळ 'हो' किंवा 'नाही' असं नाही. पण उत्तर न शोधता रान बटईनं लावून देणं किंवा चालू काम सोडणं घराला परवडणारं नाही. म्हणून एकेक गोष्ट सुटी करून बघायला पाहिजे.

'फुकट' म्हणजे नेमकं काय?

फुकट या शब्दात तीन-चार वेगळे प्रकार लपलेले आहेत.

पहिला प्रकार सरकारी. केंद्र सरकारचं 'स्वयम' हे व्यासपीठ जुलै २०१७ मध्ये सुरू झालं. त्यावर शेतीपासून हिशेबापर्यंत आणि संगणकापासून शिक्षणशास्त्रापर्यंत कोर्स आहेत. त्याच्याही आधी, २००३ पासून, आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएस्सीचा एनपीटीईएल हा उपक्रम चालू आहे. दोन्हीकडे नाव नोंदवायला, व्हिडिओ बघायला आणि गृहपाठ करायला एक पैसाही लागत नाही. पण प्रमाणपत्र पाहिजे असेल तर परीक्षा द्यावी लागते. तिला फी आहे, एनपीटीईएलला साधारण हजार रुपये. परीक्षा घरी बसून होत नाही, शहरातल्या केंद्रावर जाऊन द्यावी लागते. एनपीटीईएलच्या निकालात २५ गुण गृहपाठाचे आणि ७५ गुण त्या परीक्षेचे असतात. म्हणजे नुसते व्हिडिओ बघून कागद मिळत नाही.

दुसरा प्रकार आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'चा. दहा-दहा मिनिटांचे छोटे धडे, आणि त्यातले बरेचसे मराठी आवाजात आहेत. संगणकावर पत्र कसं लिहायचं, हिशेबाचा तक्ता कसा मांडायचा, चित्र कसं तयार करायचं, प्रोग्रॅमिंगची सुरुवात कशी करायची, असे विषय. इंग्रजीला बिचकणाऱ्या माणसासाठी याच्यासारखी सोपी वाट दुसरी नाही. गावात मात्र याची माहिती फार कमी लोकांना आहे.

तिसरा प्रकार खाजगी, त्यात बरेचसे परदेशी. कोर्सेरा, एडएक्स अशा ठिकाणी काही अभ्यासक्रम फुकट बघता येतो, पण प्रमाणपत्राला आणि काही वेळा गृहपाठ तपासून घ्यायलाही पैसे लागतात.

चौथा प्रकार सगळ्यात जास्त जाहिरात करणारा. 'आज रात्री आठ वाजता मोफत वर्कशॉप' किंवा 'फक्त ९९ रुपयांत'. दोन तास गोड बोलणं होतं आणि शेवटी पंचवीस-तीस हजारांचा खरा कोर्स समोर येतो, हप्त्याची सोय करून. हा विक्रीचा मांडव आहे. आत जायला पैसे लागत नाहीत, बाहेर निघताना लागतात.

सुरू करणारे किती, पूर्ण करणारे किती

अमेरिकेतल्या एमआयटी आणि हार्वर्ड या दोन मोठ्या विद्यापीठांनी एडएक्सवर जे कोर्स चालवले, त्यांची सहा वर्षांची माहिती तपासून दोन अभ्यासकांनी २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. नाव नोंदवलेल्यांपैकी ५२ टक्के लोकांनी कोर्स उघडलाच नाही. २०१७-१८ या वर्षात कोर्स पूर्ण करणारे होते ३.१३ टक्के. शंभरातले तीन.

त्याच अभ्यासात दुसरा आकडा आहे. ज्यांनी पैसे भरून प्रमाणपत्राची नोंदणी केली होती, त्यांच्यातले ४६ टक्के पूर्ण करून मोकळे झाले. खिशातून पैसे गेले की माणूस बसून शिकतो, किंवा ज्याला खरंच शिकायचं असतं तोच पैसे भरतो. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात.

पूर्ण करणाऱ्यांचं पुढं काय होतं? २०१५ मध्ये कोर्सेराच्या कोर्स पूर्ण केलेल्या सुमारे ५२ हजार लोकांना विचारलं गेलं. नोकरीसाठी म्हणून शिकलेल्यांपैकी बहुतेकांनी 'फायदा झाला' असं सांगितलं. पण नवी नोकरी, पगारवाढ, नवा धंदा असा हातात दाखवता येणारा फायदा सांगणारे होते साधारण एक तृतीयांश. त्यातही दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. हे फक्त कोर्स पूर्ण केलेल्यांचं उत्तर आहे, मध्येच सोडून दिलेल्यांना यात विचारलेलं नाही. आणि या पाहणीत कंपनीची माणसंही होती.

आता दोन्ही आकडे जोडून बघा. गावातल्या शंभर पोरांनी नाव नोंदवलं आणि तीन-चार जणांनीच पूर्ण केलं, तर हातात दिसणारा फायदा एखाद्यालाच होईल. पैसे देऊन नोंदणी करणाऱ्यांचं प्रमाण बरं असेल, पण आपल्याकडं लोक कोर्सकडं वळतात ते फुकट आहे म्हणूनच.

शिकण्याचं कॅलेंडर आणि रानातलं कॅलेंडर

पोरं कोर्स मध्येच सोडतात, त्याला नुसता आळस कारण नाही. स्वयम आणि एनपीटीईएलचे मोठे कोर्स बहुतेक जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत चालतात. १२ आठवड्यांचा कोर्स म्हणजे जुलै ते ऑक्टोबर किंवा जानेवारी ते एप्रिल.

जालना जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हे महिने सांगायची गरज नाही. जुलैत कोळपणी, खुरपणी, फवारणी. सप्टेंबर-ऑक्टोबरला सोयाबीनची काढणी आणि कापसाची पहिली वेचणी, आणि परीक्षाही त्याच सुमाराला. जानेवारीत गहू-हरभऱ्याला पाणी, तेही वीज रात्रीची असेल तर रात्री. फेब्रुवारी-मार्चला हरभरा आणि गव्हाची काढणी. हे कॅलेंडर कॉलेजच्या पोरांसाठी बनलेलं आहे, शेतावर राबणाऱ्यासाठी नाही. मजुरी करणाऱ्या किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या पोरांची अडचण तर त्याहून मोठी.

म्हणून शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाने लांबलचक कोर्सपेक्षा चार आठवड्यांचा, किंवा वेळेचं बंधनच नसलेला कोर्स धरलेला बरा. स्पोकन ट्युटोरियलसारखे धडे कधीही उघडता येतात. शिकायला सगळ्यात मोकळा काळ म्हणजे एप्रिलचा शेवट आणि मे महिना. ऊन एवढं असतं की दुपारी रानात जाता येत नाही.

फुकट कोर्सचा खरा खर्च

समजा १२ आठवड्यांचा कोर्स आहे आणि आठवड्याला सात तास द्यायचे आहेत. एकूण ८४ तास झाले. आठ तासांचा एक रोज धरला तर साडेदहा रोज. रोजाला ४०० रुपये मजुरी धरली तर ४,२०० रुपयांचा वेळ. त्यात परीक्षेची फी हजार रुपये. केंद्रावर जाण्या-येण्याचा आणि जेवणाचा खर्च ५०० रुपये धरा. झाले ५,७०० रुपये. १२ आठवडे म्हणजे बरोबर ८४ दिवस, २८ दिवसांची तीन रिचार्ज. जुलै २०२४ मध्ये कंपन्यांनी दर वाढवल्यापासून तीही स्वस्त राहिलेली नाहीत.

कुणी म्हणेल, पोरगं तसंही रात्री रिकामंच असतं, मग वेळेचे पैसे कशाला धरायचे? ठीक आहे, नका धरू. पण मग तीन महिने रोज तासभर झोप कमी होणार, हे तरी धरा. सांगायचा मुद्दा एवढाच की हा खर्च शेळी घेताना किंवा ठिबक बसवताना करतो तसा विचार करून करायचा. खर्च झाला म्हणजे वाया गेला असं नाही. पण 'फुकटच आहे, काय जातंय' असं म्हणून एकामागून एक सहा कोर्स अर्धवट सोडले तर दोन वर्षं जातात. २४ वर्षांच्या पोराची दोन वर्षं स्वस्त नसतात.

कोणत्या कामाला कोर्स पुरतो आणि कोणत्या नाही

इथं सगळ्यात जास्त गोंधळ होतो. कामांचे सरळ तीन गट करता येतात.

पहिला गट म्हणजे कायद्याने ठरलेला कागद लागणारी कामं. इथं मोबाइलवरच्या फुकट प्रमाणपत्राला किंमत नाही. उदाहरणं रोजच्या बघण्यातली आहेत.

ड्रोनने फवारणी हा सध्याचा सगळ्यात चर्चेतला धंदा. फवारणीचा ड्रोन पैसे घेऊन चालवायचा तर रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. वय १८ ते ६५, शिक्षण किमान दहावी पास, आणि प्रशिक्षण डीजीसीएने मान्यता दिलेल्या संस्थेतच घ्यावं लागतं. त्यात प्रत्यक्ष ड्रोन उडवून दाखवावा लागतो. 'घरबसल्या ड्रोन पायलट व्हा' असं कुणी म्हणत असेल तर तिथंच थांबा. ड्रोन म्हणजे काय, बॅटरी किती चालते, धंदा कसा असतो, एवढी माहिती फुकट कोर्समधून जरूर घ्या.

कृषी सेवा केंद्र टाकायचं तर खते आणि कीटकनाशकांच्या परवान्यासाठी कृषी किंवा ठराविक शास्त्र विषयांतली पदवी-पदविका, नाहीतर सरकारमान्य प्रशिक्षण लागतं. मेडिकल दुकानाला नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो. वायरिंगची कामं अधिकृतपणे घ्यायची तर परवाना लागतो. आपले सरकार सेवा केंद्र प्रशासनाने मंजूर केल्याशिवाय उघडता येत नाही, संगणक कितीही येत असला तरी. लिपिक-टंकलेखकाच्या जागेला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट टायपिंगचं सरकारी प्रमाणपत्र मागतात. टायपिंगचा सराव इंटरनेटवर फुकट करता येतो, पण परीक्षा राज्य परीक्षा परिषदेचीच द्यावी लागते. आणि तो सराव मोबाइलवर होत नाही, की-बोर्ड लागतो.

दुसरा गट म्हणजे काम करून दाखवलं की चालतं, कागद कमी बघतात अशी कामं. संगणकावरचा हिशेब, जीएसटीची नोंद, लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं डिझाइन, व्हिडिओ जोडणं, वेबसाइट, प्रोग्रॅमिंग. इथं फुकट कोर्स खरोखर उपयोगी पडतो. पण एक अट आहे. कोर्स संपल्यावर हातात प्रमाणपत्र असून भागत नाही, केलेलं काम दाखवावं लागतं. तालुक्याच्या कर सल्लागाराकडं गेलं तर तो 'किती कोर्स केले' हे विचारत बसणार नाही. तो एका दुकानाची महिन्याची बिलं पुढं टाकेल आणि म्हणेल, नोंद करून दाखव.

या गटात आणखी एक अडचण आहे. प्रोग्रॅमिंगसारख्या कामात गावातला पोरगा पुण्या-बंगळुरूच्या इंजिनिअरशी स्पर्धेत उतरतो. साधा मोबाइल घेऊन ती स्पर्धा जिंकता येत नाही. निदान जुना लॅपटॉप, बरं इंटरनेट आणि वर्ष-दीड वर्षाचा नेटाने सराव लागतो. त्या मानाने जीएसटीची नोंद, दुकानांचं हिशेबाचं काम, डिझाइन यांचे गिऱ्हाईक तालुक्यातच आहेत. सुरुवात तिथून सोपी.

तिसरा गट म्हणजे स्वतःचा धंदा. रेशीम, शेळीपालन, कुक्कुटपालन, डाळ मिल, मसाला, रोपवाटिका. इथं कोर्सने माहिती मिळते, पण पैसा कमवायचा हात तयार होत नाही. याचं जिल्ह्यातलंच उदाहरण बघण्यासारखं आहे.

रेशीम शिकवतं ते व्हिडिओ शिकवत नाही

जालन्याच्या बाजार समितीत २०१८ मध्ये रेशीम कोषाची बाजारपेठ सुरू झाली. त्याआधी कोष घेऊन थेट कर्नाटकात रामनगरला जावं लागायचं. बाजार जवळ आल्यावर अनेकांनी सोयाबीन-कापसाच्या जागी तुती लावली. हासुद्धा धंदा बदलणंच आहे, गाव न सोडता.

रेशीमवर शेकडो व्हिडिओ आहेत. तुतीची लागवड, शेडची मापं, अंडीपुंज, फांदी पद्धत, सगळं त्यात दिसतं. पण अळ्यांना लागणारं साधारण २४ ते २८ अंश तापमान आपल्या मराठवाड्याच्या उन्हाळ्यात शेडमध्ये कसं राखायचं, हे शेडमध्ये उभं राहूनच कळतं. पानाचा ओलसरपणा हाताला कळतो. उझी माशी आत शिरली हे अनुभवी माणसाच्या नजरेला आधी दिसतं. शेजारच्या रानात कीटकनाशकाची फवारणी झाली आणि ते वाऱ्याने तुतीवर आलं तर अख्खी बॅच जाते. शेजाऱ्याशी बोलून फवारणीची वेळ ठरवणं हे कोणत्याही कोर्समध्ये नसतं.

म्हणून या धंद्यात व्हिडिओ बघून शेड बांधणाऱ्यापेक्षा, व्हिडिओ बघून नंतर एखाद्या जुन्या रेशीम शेतकऱ्याकडं एक बॅच, म्हणजे महिनाभर, हाताखाली राबणारा माणूस पुढं जातो. कोर्सने त्याला काय विचारायचं ते कळलेलं असतं, आणि बाकीचं शेडमध्ये कळतं. शेळीपालनाचं आणि रोपवाटिकेचंही असंच आहे.

कारखान्याच्या गेटवर काय बघतात

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी सळ्यांचे कारखाने आहेत, बियाणे कंपन्या आहेत. शेजारी छत्रपती संभाजीनगरला वाळूज आणि शेंद्रा-बिडकीनचा पट्टा आहे. शेती सोडून नोकरी धरणाऱ्या पोरांचा मोर्चा बहुतेक तिकडंच वळतो.

यंत्रावरच्या कामाला आयटीआय आणि शिकाऊ उमेदवारी यांचं वजन आजही जास्त आहे. कारण तिथं पोरगा यंत्राजवळ उभा राहिलेला असतो. फुकट ऑनलाइन कोर्स आयटीआयची जागा घेत नाही. पण आयटीआय झालेल्या फिटर-इलेक्ट्रिशियनने यंत्राचा प्रोग्रॅम, ड्रॉइंग वाचणं, सोलरची जोडणी असं काही वरून शिकून घेतलं तर तो चार जणांत उठून दिसतो. याचा सरळ अर्थ असा की ज्याच्याकडं आधीच काही आहे त्याला कोर्स पुढं ढकलतो. ज्याच्याकडं काहीच नाही त्याला एकटा कोर्स उभा करत नाही.

ज्यांना 'कोणतीही पदवी' लागणाऱ्या जागांसाठी पात्र व्हायचं आहे, त्यांनी फुकट प्रमाणपत्रं गोळा करण्यापेक्षा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पदवी बघावी. ती फुकट नाही, वेळही जातो, पण ती कायदेशीर पदवी आहे. जे नियमित कॉलेजात आहेत त्यांच्यासाठी आणखी एक सोय आहे. यूजीसीच्या नियमानुसार कॉलेज-विद्यापीठाने मान्य केलं तर एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयमवरून करता येतात आणि त्याचे गुण पदवीत धरले जातात. अशा पोरांच्या बाबतीत हे फुकट शिक्षण खरंच पदवीला लागतं.

बायकांच्या वाट्याला काय येतं

घरात मोबाइल एक असला तर तो आधी पुरुषाच्या खिशात असतो. सून किंवा लेक शिकायला बसते ती भांडी झाल्यावर, रात्री साडेनऊ-दहाला. शहरात राहून क्लास करणं जिला घरातून जमत नाही, तिच्यासाठी मोबाइलवरचा कोर्स हाच एक उघडा दरवाजा असतो. म्हणून बायकांना याचा उपयोग पुरुषांपेक्षा जास्त होऊ शकतो, पण वेळ मिळाला तर. शिवणकाम, मसाले, पापड-लोणचं, बचत गटाचा हिशेब, मालाचे फोटो काढून व्हॉट्सअॅपवर विकणं, हे शिकून घरातूनच सुरू करता येतं. पाच-सहा जणींच्या बचत गटाने एकत्र बसून एकच कोर्स बघितला तर मोबाइल एक पुरतो आणि मध्येच सोडून देणंही कमी होतं.

फुकट, पण माणूस समोर असलेलं शिक्षण

ऑनलाइनच्या गडबडीत एक गोष्ट विसरली जाते. समोरासमोरचं फुकट प्रशिक्षणही आहे. अग्रणी बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे आरसेटी, साधारण प्रत्येक जिल्ह्यात आहेत. तिथं ग्रामीण तरुणांना शिकवणं, राहणं आणि जेवण फुकट असतं. कोर्स काही दिवसांपासून महिना-दीड महिन्यापर्यंतचे असतात आणि नंतर बँकेच्या कर्जासाठी पाठपुरावाही होतो. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात शेतीपूरक धंद्यांची प्रशिक्षणं होतात. राज्य सरकारच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत २०२४ पासून १८ ते ३५ वयाच्या तरुणांना आस्थापनांमध्ये काम शिकताना विद्यावेतन मिळू लागलं. बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीला १०,००० रुपये महिना. ती कायम नोकरी नाही, मुदत संपली की संपली. पण कामाचा अनुभव कागदावर येतो, आणि तोच नव्या पोराकडं नसतो.

मोबाइलवर आधी माहिती घेऊन मग अशा ठिकाणी जाणारा माणूस तिथं नवखा राहत नाही. दोन्ही जोडलं की कोर्सची किंमत वाढते.

फसवणुकीचा धोका

करिअर बदलायला निघालेला माणूस घाईत असतो, आणि ठग याच घाईवर टपलेले असतात. 'कोर्स फुकट, नोकरीची हमी, फक्त नोंदणीचे २,००० भरा', 'डेटा एन्ट्रीचं काम देतो, आधी सिक्युरिटी डिपॉझिट', 'व्हिडिओ लाइक करा, पैसे मिळवा' अशी त्यांची भाषा. आधी दोनशे-पाचशे रुपये खात्यावर टाकून विश्वास बसवतात आणि मग मोठी रक्कम काढून घेतात. काही ठिकाणी कोर्सच्या नावाखाली आधार आणि पॅन घेऊन परस्पर कर्जाचा अर्ज भरला जातो. नोकरीसाठी आधी पैसे मागितले की तिथंच थांबायचं, हा एक नियम पाळला तरी बरीच फसवणूक टळते. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नये. तातडीने १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे खात्यातच गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

नाव नोंदवण्याआधी घरात विचारायचे प्रश्न

१. ज्या कामासाठी शिकायचं त्याला कायद्याने परवाना, पदवी किंवा ठराविक प्रमाणपत्र लागतं का? लागत असेल तर हा कोर्स ते देतो का?

२. ते काम करणारा एक तरी माणूस तालुक्यात किंवा जिल्ह्यात आहे का? त्याला जाऊन भेटलो का? महिन्याला त्याच्या हातात किती उरतात?

३. कोर्स कोणत्या भाषेत आहे? पहिले दोन धडे बघून समजले का?

४. मोबाइलवर भागेल की संगणक लागेल? लागला तर रोज कुठं मिळेल?

५. कोर्सचे आठवडे पेरणी-काढणीत येतात का?

६. प्रमाणपत्राला, परीक्षेला आणि प्रवासाला एकूण किती पैसे लागतील?

७. कोर्स संपल्यावर दाखवायला केलेलं काम काय असेल?

या सातपैकी चार-पाच प्रश्नांची उत्तरं नीट मिळत नसतील तर तो कोर्स आवड म्हणून करावा, त्याच्या भरवशावर घराचा निर्णय घेऊ नये.

गावाला काय करता येईल

सगळं एकट्या पोरावर टाकून चालणार नाही. बऱ्याच ग्रामपंचायतींत इंटरनेटची जोडणी आलेली आहे, पण ती चालू राहत नाही. जिल्हा परिषद शाळेतले संगणक सुट्टीत कुलपात असतात. गावच्या वाचनालयात संध्याकाळी दोन तास चार संगणक आणि चालू इंटरनेट मिळालं, आणि आधी शिकलेला एखादा पोरगा-पोरगी मदतीला बसली, तर शंभरातल्या तिघांचे दहा व्हायला वेळ लागणार नाही. एकटा शिकणारा सोडून देतो, सोबत असली की टिकतो. भजनी मंडळात आणि तालमीत हे गावाने कधीचं बघितलेलं आहे. ग्रामसभेत रस्त्या-नाल्याबरोबर हा विषयही मांडता येतो.

मग रान सोडायचं का?

फुकट कोर्सचा सगळ्यात चांगला उपयोग वेगळाच आहे. ते काम आपल्याला जमेल का, आवडेल का, हे तो कमी पैशात सांगतो. दोन आठवडे हिशेबाचे धडे बघून डोकं दुखायला लागलं तर पन्नास हजारांचा क्लास लावायचं वाचलं. हाही फायदाच आहे. पण पुढचं काम कोर्स करत नाही. हाताला वळण लावायला माणूस लागतो, आणि दार उघडायला अनुभव किंवा परवाना लागतो.

म्हणून क्रम असा असावा. आधी मोबाइलवर शिकून बघणं, मग कुणाच्या तरी हाताखाली महिना-दोन महिने काम, मग लागत असेल तो कागद, आणि नव्या कामातून निदान सहा महिने नियमित पैसे घरात यायला लागले की मगच रान बटईनं किंवा ठोक्यानं देण्याचा विचार. प्रमाणपत्राचा फोटो स्टेटसला ठेवून दुसऱ्या दिवशी चालू काम सोडणाऱ्याला परत त्याच बांधावर यावं लागतं, आणि तोपर्यंत पेरणीची वेळ निघून गेलेली असते.